छपराखालची वीतभर फट

४ नोव्हेंबर

आज दहा कोंबड्या आल्या. दोन टोपल्या, एकेकीत पाच, पाय बांधलेल्या. विकणारा म्हणाला, सगळ्या अंड्यावर आलेल्या आहेत. एक तरी नक्की नाही, पण त्याच्याशी हुज्जत घातली नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, वही ठेवा. तारीख, अंडी, खाणं, दुखणं, एवढं लिहीत जा. डेअरीच्या धक्क्यावर एकोणतीस वर्षं रजिस्टर भरतेय. हे काही जड जाणार नाही.

कोंबड्यांचं सुचलं सप्टेंबरात. तापाने आठ दिवस घरी पडून होते. छताकडे बघता बघता लक्षात आलं की निवृत्तीला दोन वर्षं उरली. त्यानंतर रोज साडेचारला उठून मी करणार काय? वन्संना विचारलं. म्हणाल्या, "झोप." ते मला जमणार नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. लग्न केलं नाही, सगळा जन्म याच घरात गेला. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. आता घरात आम्ही दोघी. एकतीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, भांड्याला भांडं लागलं, पण फुटलं नाही.

खुराडं सुताराने जुन्या कपाटाच्या फळ्यांतून केलंय. मागच्या अंगणात, वन्संच्या खिडकीखाली. तेवढ्याच जागी पाणी साचत नाही. वन्संना आधी विचारलं होतं. "तुझं अंगण, तुझ्या कोंबड्या," म्हणाल्या. म्हणजे हो.

९ नोव्हेंबर

सुताराने काम अर्धवट ठेवलंय. छपराखाली दोन्ही बाजूंनी वीतभर फट, तिला नुसती जाळी. विचारलं तर म्हणतो, "बाई, ती मुद्दाम ठेवलीय. हवा खेळायला." फळी वाचवली म्हणायची लाज वाटत असेल. थंडी पडायला लागलीय. मी दोन्ही फटींत पोती कोंबली आणि वरून पट्ट्या ठोकल्या. आता आत वारा शिरायला सुईएवढी जागा नाही.

अंडी दोन.

१७ नोव्हेंबर

अंडी सहा.

धक्क्यावर सध्या एक कटकट आहे. गाडीतून दुधाचे कॅन उतरवून माझ्यासमोर झाकण उघडायचं, हे काम कॅनवाल्याचं. बावीस वर्षं तोच करतो. झाकण उघडलं की मी वाकून वास घेते. चांगला असेल तर पुढे टाकीत, नाही तर परत. शंका आली तरच नळीत दूध आणि स्पिरिट मिसळून हलवायचं. दाणे धरले की दूध गेलं. मला नळी क्वचितच लागते. सगळी डेअरी मला नाकवाल्या बाई म्हणते, ते उगाच नाही.

तर कॅनवाल्याला खोकला झालाय. मध्येच एखादं झाकण उघडलं की तो खाकरतो. त्याने लक्ष उडतं, म्हणून तो कॅन मी नळीवर घेते. आज दोनदा खाकरला, योगायोगाने दोन्ही कॅन आंबट निघाले. त्याला म्हटलं, औषध घे. म्हणाला, "घेतो, बाई." घेणार नाही. उद्या मीच बाटली नेऊन देईन.

२६ नोव्हेंबर

अंडी सहा. खाणं ठीक.

वन्सं जेवताना म्हणाल्या, "त्या खुराड्याची फार घाण येते."

मी म्हटलं, "रोज झाडते. भुसा बदलते. घाण यायला काय आहे तिथे?"

"मी खोटं बोलते का?"

"तसं नाही म्हटलं. पण मी आत जाऊन येते ना. मला येत नाही ती तुम्हाला खिडकीतून कशी येईल?"

त्या पानातलं तसंच ठेवून उठल्या. वन्संना पहिल्यापासून नाकाने कांदे सोलायची सवय. माझ्या माहेरच्या साबणालाही घाण येते म्हणायच्या. दुधाचा वास ओळखून पोट भरते मी, आणि मला वासाचं सांगतात.

शिवाय त्यांच्या हाताची चव गेली. सूप म्हणजे गरम पाणी. कांदा, लसूण घालतच नाहीत बहुधा. वय झालं की हात आखडतो. बोलले नाही, वरून मीठ घेतलं.

५ डिसेंबर

अंडी तीन.

कडक थंडी. पोत्यांवरून प्लॅस्टिकही मारलं. सकाळी दार उघडलं तर छताला आतून थेंब लोंबत होते आणि खालचा भुसा ओला. छप्पर गळतंय म्हणावं तर पाऊस नाही. कोंबड्यांनी पाण्याचं भांडं उडवलं असणार. भांडं बदललं.

वन्संनी खिडकी कायमची लावून टाकली आहे. दिवसभर पुढच्या खोलीत बसतात. त्यांनाही थंडी बाधतेय, खोकतात. आमच्याकडे सध्या खोकल्याचीच साथ आहे.

१२ डिसेंबर

अंडी दोन. दोन कोंबड्या शिंकतात. मला वाटायचं शिंक फक्त माणसाला येते.

धक्क्यावर आज चार आंबट कॅन पकडले. साहेब म्हणाले, "नाकवाल्या बाई, तुम्ही गेल्यावर कसं होणार आमचं?" बरं वाटलं. कॅनवाला बाजूलाच उभा होता, दुसरीकडे बघत होता. चारही वेळा खाकरला होता. औषधाचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

घरी आले तर वन्संनी त्यांची मोठी पेटी अंगणात काढलेली. कपडे उन्हात घातलेले, सगळे, थंडीचे उन्हाळ्याचे. शिवणयंत्र शाळेला देऊन टाकलं म्हणाल्या. मी म्हटलं, बरं केलंत, नुसतं धूळ खात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाल्या, "जागा अडत होती."

खोली आता मोकळी दिसते. वय झालं की माणसाला पसारा नकोसा होतो.

१९ डिसेंबर

तांबडी मेली.

चार दिवस तिचे डोळे सुजले होते. पापण्या चिकटायच्या, मी कोमट पाण्याने पुसायचे. काल दाण्याच्या शेजारी टोचत होती, दाणा दिसत नव्हता तिला. सकाळी कोपऱ्यात पडलेली. आणखी तिघींचे डोळे तसेच आहेत. थंडीनेच झालं. आत दिवा लावावा का विचारायला डॉक्टरांना निरोप धाडला.

अंडी नाहीत.

२१ डिसेंबर, रविवार

डॉक्टर अकराला आले. खुराड्याचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरले. चष्मा काढून डोळे पुसले.

"बाई, तुम्ही आत जाता?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"किती वेळ?"

"काल अर्धा तास होते. तिघींचे डोळे पुसले."

"अर्धा तास. काही जाणवलं नाही?"

"डोळे चुरचुरतात. भुशाची धूळ."

"धूळ नव्हे. अमोनिया आहे हा. शिट ओली राहिली की सुटतो. मला पुढच्या फाटकापाशी आला." मग म्हणाले, "तुम्हाला वास येत नाही?"

"नाही," मी म्हटलं. आंबट दूध आणून शपथा घेणाऱ्यांशी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात.

त्यांनी आत वाकून छतावरून बोट फिरवलं आणि ओलं बोट मला दाखवलं. म्हणाले, कोंबडीला थंडी सहसा मारत नाही, पिसांची रजई आहे अंगावर. मारते ती ओल आणि कोंडलेली हवा. दहा जणी रात्रभर श्वास सोडतात, त्यातलं पाणी जाणार कुठे? छताला धरतं आणि त्यांच्याच अंगावर गळतं. वरची फट उघडी असती तर गरम दमट हवा तिथून निघून गेली असती. "कोणी बंद केली ती?"

"मी."

"सुतार शहाणा होता तुमचा."

पोती मी त्यांच्यासमोरच उपसली. काळी पडली होती, चिंब. औषध लिहून दिलं. जाताना फाटकापाशी थांबून त्यांनी विचारलं, "मध्यंतरी ताप वगैरे आला होता का?"

"कोंबड्यांना?"

"तुम्हाला."

त्याच दिवशी, दुपारी चार

वन्सं आडव्या झाल्या होत्या. मी स्वयंपाकघरात बसून तपासणी केली.

व्हिनेगर: नाकात टोचतं. वास नाही.
कांदा: डोळ्यांत पाणी. वास नाही.
रॉकेल: नाही.
कॉफी: नाही.
वन्संचं गुडघ्याचं मलम: गार लागलं. वास नाही.
लसूण: नाही. (डब्यात भरपूर आहे. म्हणजे त्या घालत होत्या.)
नवऱ्याचा कोट, कपाटातला. दोन वर्षं धुतलेला नाही, मुद्दाम: नाही.

२२ डिसेंबर

रजा घेतली. एकोणतीस वर्षांत आजारपण आणि सुतक सोडून घेतलेली पहिली.

सुतार आला. उघड्या फटींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "मी सांगितलं होतं" हे शब्द गिळले. ते घशाखाली उतरताना मला दिसले. मी म्हटलं, "बोल."

"काही नाही, बाई. दांडी खाली घ्यावी लागेल."

कोंबड्या ज्या दांडीवर बसतात ती फटीच्या जवळजवळ बरोबरीने होती. आता फट उघडी राहिली तर वारा सरळ त्यांच्या डोक्यावर येईल. हवा डोक्यावरून गेली पाहिजे, डोक्यात नाही. त्याने दांडी हातभर खाली आणली आणि दाराच्या तळाशी जाळीचा एक झरोका पाडला. खालून ताजी आत, वरून कोंदट बाहेर. मग दोरीचा तुकडा पेटवून विझवला आणि धुमसता आत धरला. धूर वर चढला, छपराला लागला आणि वन्संच्या खिडकीकडच्या फटीतून सरळ बाहेर पडला. दुसऱ्या फटीकडे वळलाही नाही. ती बाजू शेजाऱ्याच्या भिंतीने कोंडलेली आहे.

"चाललं तर आहे," सुतार म्हणाला, "पण सगळं एकाच बाजूने."

मी म्हटलं, चाललं म्हणजे झालं. जळत्या दोरीचा वास यायला हवा होता, असं नंतर लक्षात आलं.

२४ डिसेंबर

कामावर गेले. पहिले वीस कॅन तो गप्प. एकविसाव्याला खाकरला.

मी वाकले नाही. विचारलं, "खोकला कधीपासून आहे तुला?"

त्याने कॅन खाली ठेवला. मागे गाडीवाला ओरडत होता.

"ऑक्टोबरपासून, बाई."

"ऑक्टोबरात काय झालं?"

"तुम्ही आंबलेला कॅन पुढे ढकललात. मी म्हटलं, होतं एखाद दिवशी. मी तो टाकीत ओतलाच नाही, मागे सारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"मला सांगायचं."

"तुम्हाला?" तो म्हणाला. "एकदा आलो होतो सांगायला. तर तुम्ही खोकल्याची बाटली हातात ठेवलीत."

"मग?"

"मग काय. बाटली संपवली मी. कडू होती फार."

एकविसावा परत पाठवला. पुढचे ब्याण्णव कॅन आम्ही दोघांनी तसेच काढले. मी वाकायचे, तो खाकरायचा किंवा खाकरायचा नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. तीन महिने आलं नव्हतं, आजच कशाला येईल?

२७ डिसेंबर

काल नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. तापात नस दुखावली म्हणाले. परत येईल किंवा नाही येणार. वर्षभर वाट पाहायची. "घरात कोणी आहे ना? गॅसवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं," म्हणाले. मी म्हटलं, नणंद आहे.

आज वन्संना सांगितलं. त्या पेटीला दोरी बांधत होत्या. त्यांच्या मामेबहिणीकडे महिनाभरासाठी निघाल्यात, हे तेव्हाच कळलं.

"वन्सं, मला वास येत नाही."

"तुला नाहीच येत. महिना झाला, मीच मूर्ख बोंब मारतेय."

"कोंबड्यांचा नाही. कशाचाच नाही. सप्टेंबरपासून."

त्या उठून आत गेल्या आणि मूठ झाकून आल्या. शाळेत मुलींना उभं करत तसं मला उभं केलं. "डोळे मीट. हे काय आहे?"

"माहीत नाही."

"हे?"

"नाही."

डोळे उघडले तर एका हातात ठेचलेला लसूण, दुसऱ्यात माझ्या माहेरचा साबण. त्या पेटीवर बसल्या.

"मला वाटलं..." म्हणाल्या आणि थांबल्या.

"काय वाटलं?"

"काही नाही. माझ्या खिडकीखालीच का बांधलंस ते?"

"तिथे पाणी साचत नाही. तुम्हाला विचारलं होतं."

"हो," वन्सं म्हणाल्या. "विचारलं होतंस." आणि हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या, डोळे पुसले. हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, तुझं नाक गेलं, डोकं तरी शाबूत ठेव.

पण दोरी सोडली नाही. मामेबहिणीला शब्द दिलाय, पाच तारखेची गाडी आहे.

२ जानेवारी

साहेबांना जाऊन सांगितलं. सगळं, बाटलीसकट.

त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "ऑक्टोबरपासून एकही टाकी नासलेली नाही. मग अडचण काय आहे?"

"ती नासली नाही ते माझ्यामुळे नव्हे. कॅनवाल्यामुळे. तो एक दिवस आजारी पडला असता तर नासली असती. शहरभर मुलं पितात ते दूध."

"दोन वर्षं राहिलीत, बाई, तुमची."

"म्हणूनच."

बराच वेळ पेन फिरवत बसले. माझ्या जागी कोण, म्हणाले. मी म्हटलं, जो आहे तोच. ते म्हणाले, त्याला लिहिता येत नाही.

"वास घ्यायला लिहिता यावं लागत नाही. लिहायला मी आहे."

सोमवारपासून वाकणार तो आणि रजिस्टर भरणार मी. कॅन उचलायला दुसरा माणूस. माझ्या पदातला 'परीक्षक' शब्द गेला, 'नोंद' आला. बाहेर येऊन त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आता खाकरायचं नाही?"

"नाही. तोंडाने सांगायचं, परत."

त्याने एकदा म्हणून पाहिलं. आवाजच फुटेना.

अंडी दोन. डोळे सुजलेल्यांपैकी दोघी बऱ्या. तिसरी, पांढरी, परवा गेली. आता आठ.

५ जानेवारी

वन्संना गाडीत बसवून दिलं. पेटी जड होती, तिघांनी चढवली. महिनाभरासाठी एवढं काय घेतलंत म्हटलं, तर खिडकीतून म्हणाल्या, "दूध उतू गेलं तर तुला कळायचं नाही. समोर उभी राहत जा."

११ जानेवारी

अंडी चार. छत कोरडं. रोज खुराड्यात कोंबड्यांच्या उंचीला डोकं आणून पाव तास बसते. डोळे चुरचुरत नाहीत. त्यावरून हवा ठीक आहे असं धरायचं.

घर शांत आहे. जेवण मीच करते. चवीत काही फरक नाही.

१५ जानेवारी

मामेबहिणीचा फोन. वन्सं बाहेर गेल्या होत्या म्हणून मोकळेपणी बोलली. "अगं, काय झालं तुमच्यात? डिसेंबरात मला पत्र, मी कायमची येते, इथे आता माझी गरज नाही. सगळं बिऱ्हाड घेऊन आली. आता विचारलं तर म्हणते, बघू."

मी म्हटलं, मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

फोन ठेवून वन्संच्या खोलीत गेले. पलंग, रिकामं कपाट, शिवणयंत्राच्या पायांचे जमिनीवर चार डाग. खिडकी उघडली. खुराड्याचं छप्पर तिथून हाताला लागतं. ज्या फटीतून त्या दिवशी सगळा धूर बाहेर पडला ती बरोबर उशीच्या रेषेत येते. पलंगावर आडवी झाले. डोळे चुरचुरले नाहीत, वासाचं मला सांगता येत नाही. थोडा वेळ तशीच पडून राहिले.

भाऊ गेल्यावर दोन वर्षांनी भावजय खिडकीखाली उकिरडा करते, आणि घाण येते म्हटलं तर तोंडावर नाही म्हणते. मीही पेटी बांधली असती. एवढे दिवस थांबले नसते.

१८ जानेवारी, रविवार

खुराडं हलवलं. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, मागच्या फाटकाच्या बाजूला. तिथे दोन्हीकडून वारा मिळतो, म्हणजे छपराखालच्या दोन्ही फटी कामी येतात, हे कारण आहे. सुतार म्हणाला, "बाई, तिथे पाणी साचतं. तुम्हीच नको म्हणाला होतात." त्याला म्हटलं, विटांचा ओटा घाल.

ओट्याला दोन दिवस लागले. आज कॅनवाला आला, त्याच्या जागी कॅन उचलणारा नवा माणूस आला, सुतार होताच. खुराडं चौघांनी उचललं, आत कोंबड्या तशाच. मध्ये एकदा कलंडलं तेव्हा आठही जणींनी जो कालवा केला त्याने शेजारीण बाहेर आली. कॅनवाला कापऱ्या आवाजात म्हणाला, "परत?" मी म्हटलं, "पुढे, पुढे." एवढी हसले नव्हते बऱ्याच दिवसांत.

मग सुताराने पुन्हा धुमसती दोरी धरली. धूर वर गेला, या फटीतून आत आलेल्या वाऱ्याने उचलला आणि त्या फटीतून घेऊन गेला. खाली कोंबड्यांचं पीसही हललं नाही.

२९ जानेवारी

अंडी सात.

तीन दिवस फोनजवळ जाऊन परत येत होते. आज लावला.

"वन्सं, खुराड्याचं काही समजत नाही."

"मेली का आणखी?"

"नाही. छत कोरडं, भुसा कोरडा, डोळे चुरचुरत नाहीत. पण वासाचं सांगायला कोणी नाही."

"शेजारणीला विचार."

"तिच्या नाकावर माझा भरवसा नाही."

"आणि माझ्यावर आहे?"

"एकतीस वर्षं मुरडताय. म्हणजे चांगलं चालतंय."

फोन कटला वाटून मी दोनदा वन्सं, वन्सं म्हटलं.

"ओरडू नकोस," म्हणाल्या. "रविवारी कितीची गाडी आहे ते बघून सांग."

१ फेब्रुवारी

दुपारी आल्या. पेटी फाटकातच उतरवून घेतली आणि सवयीने आपल्या खिडकीच्या बाजूला वळल्या. रिकाम्या जागेपाशी थांबल्या. मातीवर खुराड्याचा चौकोन अजून उठून दिसतो.

"कुठे गेलं?"

"तिकडे. तिथे वारा मिळतो."

"तिथे पाणी साचतं ना?"

"ओटा घातलाय."

त्यांनी ओट्याकडे पाहिलं, मग चौकोनाकडे, मग वर खिडकीकडे. पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकत ओट्यापाशी गेल्या, दार उघडलं आणि डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. एक कोंबडी त्यांच्या अंबाड्याला टोचत होती.

"येतोय," आतून म्हणाल्या.

"कसला?"

"कोंबड्यांचा."

"म्हणजे?"

"म्हणजे कोंबड्यांचा. नुसता कोंबड्यांचा."

मी विचारलं, तो कसा असतो. सप्टेंबरच्या आधी माझ्याकडे कोंबड्या नव्हत्या, त्यामुळे मला तो कधी आलेलाच नाही. वन्सं बाहेर आल्या, ओट्याच्या कडेला बसल्या आणि विचार करायला लागल्या. उन्हात घातलेल्या गादीसारखा, म्हणाल्या. थोडा धान्याच्या रिकाम्या पोत्यासारखा. लाकूड नवं कापलंय, त्याचा. डाव्या कोपऱ्यात जरा घाण आहे, पण असू दे तेवढी, जिवंत प्राणी आहेत. आणि एक आणखी काहीतरी गोड, ते सापडत नाही.

मी वही आणून त्यांच्याच शब्दांत उतरवून घेत होते. हात भराभर चालत नव्हता.

"घाई कशाला करतेस?" वन्सं म्हणाल्या. "राहिलं ते उद्या सांगेन."